अडचण कोणाची, जमिनीची की माणसाची?

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी न्यू जर्सीत मुलीकडे राहायला गेलो होतो. एका दुपारी पोस्टमनने सही घेऊन एक पाकीट दिले. आत एक पानी नोटीस होती. शेजारच्या घराच्या मालकांना एका गाडीपुरते गॅरेज बांधायचे आहे. बाजूच्या हद्दीपासून १० फूट जागा मोकळी सोडण्याचा नियम आहे, पण त्यांच्याकडे ४ फूटच उरतात. म्हणून त्यांनी नियमातून सवलत मागितली आहे. अमुक तारखेला संध्याकाळी सुनावणी आहे, नकाशे कार्यालयात पाहता येतील, काही म्हणायचे असल्यास यावे.

“बाबा, तुमच्याच खात्यातलं प्रकरण घरी आलंय,” मुलगी म्हणाली.

ते खरेच होते. माझी सगळी नोकरी आपल्याकडच्या बांधकाम परवानग्यांच्या कामात गेली. पुढचे, मागचे आणि बाजूचे सामासिक अंतर मोजण्यात केस पांढरे झाले. पण एका गॅरेजसाठी शेजाऱ्याला आधी पत्र पाठवून त्याचे म्हणणे विचारतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार अशा अर्जाची नोटीस २०० फुटांच्या आतल्या सर्व मालमत्ताधारकांना, सुनावणीच्या किमान १० दिवस आधी द्यावी लागते. या सवलतीला तिकडे ‘व्हेरिअन्स’ म्हणतात. उरलेल्या मुक्कामात गावच्या वाचनालयात बसून मी तिचा इतिहास शोधत राहिलो. जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

गॅरेज नकोसे होते तेव्हा

आज गॅरेज ही घराची प्रतिष्ठा मानली जाते. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. मोटार आली तेव्हा ती ठेवायला घोड्यांचे तबेलेच होते. पेट्रोलचा वास, आगीची भीती आणि इंजिनाचा आवाज यामुळे तिला घरापासून दूर, प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात वेगळ्या शेडमध्ये ठेवण्याची पद्धत पडली. अनेक गाड्या ठेवणारी मोठी गॅरेजे तर वस्तीत कोणालाच नको असत.

२५ जुलै १९१६ रोजी न्यूयॉर्क शहराने संपूर्ण शहराला लागू होणारी झोनिंगची नियमावली मंजूर केली. निवासी भाग कुठला, व्यापारी कुठला, इमारत किती उंच आणि तिच्याभोवती मोकळी जागा किती, हे त्यात ठरले. मॅनहॅटनमध्ये आभाळ झाकणाऱ्या इमारती आणि फिफ्थ ॲव्हेन्यूकडे सरकणारे कपड्यांचे कारखाने ही त्यामागची नेहमी सांगितली जाणारी कारणे. पण त्याच नियमावलीत गॅरेजचाही बंदोबस्त होता. पाचाहून अधिक गाड्यांच्या गॅरेजकडे निवासी आणि व्यापारी भागांत संशयानेच पाहिले गेले.

या नियमावलीचे प्रमुख शिल्पकार वकील एडवर्ड बॅसेट. त्यांच्यापुढे एक पेच होता. एकच नियम हजारो प्लॉटना लावला, की एखादा तिरका, अरुंद किंवा खडकाळ प्लॉट त्यात बसणार नाही. त्याचा मालक कोर्टात जाईल आणि कोर्ट त्या एका प्लॉटपायी सगळी नियमावलीच रद्द करील. यावर उपाय म्हणून अपिलांचे मंडळ नेमले गेले. प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखे हे मंडळ, थोडी वाफ सोडून सगळे भांडे वाचवणारे.

पुढे अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने, हर्बर्ट हूवर मंत्री असताना, राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला. तो १९२४ मध्ये छापला गेला आणि १९२६ मध्ये सुधारून पुन्हा निघाला. त्यात पाच सदस्यांचे मंडळ होते आणि सवलत देण्यासाठी पाचांपैकी चार मते लागत. सवलत कधी द्यायची? नियम अक्षरशः लावल्याने ‘अनावश्यक अडचण’ होत असेल तेव्हा, आणि तीही नियमाचा हेतू सांभाळून. ‘अडचण’ हा शब्द तेव्हापासून या कायद्याच्या केंद्रस्थानी आहे.

त्याच १९२६ च्या नोव्हेंबरात ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनात्मक ठरवले. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की चांगली वस्तूही चुकीच्या जागी उपद्रव ठरते, गोठ्याऐवजी दिवाणखान्यात शिरलेल्या डुकरासारखी. न्यू जर्सीत तोवर कोर्टे असले नियम रद्द करीत होती. १९२७ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून तिथे झोनिंगला आधार मिळाला.

अडचणीची कसोटी

‘अडचण’ म्हणजे नक्की काय, यावर कोर्टांनी पुढे भरपूर शाई खर्च केली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर एक खटला आला. निवासी भागात शिरलेल्या जमिनीवर मालकाला स्केटिंग रिंक हवी होती. न्यायालयाने तीन कसोट्या घातल्या. ठरवून दिलेल्या वापरातून जमिनीला वाजवी उत्पन्न मिळत नाही, हे दाखवा. ही अडचण तुमच्याच जमिनीची आहे, साऱ्या परिसराची नाही, हे दाखवा. आणि सवलतीने वस्तीचे मूळ रूप पालटणार नाही, हेही दाखवा. हा निकाल जमिनीचा वापर बदलण्याबद्दल होता. गॅरेजसारख्या अंतराच्या, मापाच्या सवलतींना अनेक राज्यांनी पुढे सौम्य कसोट्या लावल्या. मात्र एक तत्त्व सगळीकडे रुजले. अडचण जमिनीची हवी, माणसाची नव्हे.

हे तत्त्व ऐकायला कठोर वाटते, पण त्यामागचा विचार साधा आहे. सवलत जमिनीला चिकटते. मालक आज आजारी आहे म्हणून भिंत हद्दीला टेकू दिली आणि उद्या त्याने घर विकले, तर आजारपण त्याच्याबरोबर जाते आणि भिंत तिथेच राहते. दुसरी भीती ओळखीपाळखीची. मंडळावर गावातलीच माणसे असतात आणि समोर उभा राहणाराही गावातलाच. १९६२ मध्ये ड्यूकमिनियर आणि स्टेपलटन या अभ्यासकांनी केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या मंडळाचे कामकाज तपासले आणि लेखाच्या मथळ्यातच त्याला गैरकारभाराचा नमुना म्हटले. सेफ्टी व्हॉल्व्ह सैल झाला की कुकरात काही शिजत नाही, अशी ती तक्रार होती.

माणसाच्या अडचणीसाठी अमेरिकेने पुढे वेगळा दरवाजा ठेवला. १९८८ मध्ये घरांच्या बाबतीतल्या भेदभावविरोधी कायद्याचे संरक्षण अपंगांना मिळाले आणि त्यांच्यासाठी नियमांत वाजवी फेरफार करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. पण तो दरवाजा आहे, हेच पुष्कळांना माहीत नसते.

उलटा फिरलेला अर्ज

या इतिहासातला सर्वांत गमतीचा भाग पुढे आहे. ज्या मंडळापुढे लोक ‘गॅरेज बांधू द्या’ म्हणून उभे राहत, त्याच मंडळापुढे काही दशकांनी ‘गाडीची जागा सोडायला लावू नका’ म्हणणारे उभे राहू लागले.

१९२३ मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहराने अपार्टमेंट इमारतींना गाड्यांसाठी जागा सोडण्याची सक्ती केली. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोने ती हॉटेले आणि रुग्णालयांना लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली, रस्त्यांवर गाड्यांची गर्दी झाली आणि असे नियम देशभर पसरले. मागच्या कोपऱ्यातले गॅरेज पुढे आले आणि घराला चिकटले.

न्यू जर्सीने १९९७ मध्ये नव्या निवासी प्रकल्पांसाठी राज्यभर एक मोजमाप लागू केले. स्वतंत्र घराला ३ बेडरूम असतील तर २ गाड्यांची जागा, ४ असतील तर अडीच, ५ असतील तर ३. अर्धी गाडी कुठे लावायची, हा प्रश्न मुलीला पडला. मी तिला समजावले, की घरे अनेक असली की बेरजेत अर्ध्याचे पूर्ण होते. कारकुनी डोक्याला असल्या गोष्टींचे नवल वाटत नाही.

या सक्तीचा हिशोब कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मधल्या आपल्या जाडजूड ग्रंथात मांडला. फुकट दिसणारे पार्किंग फुकट नसते. त्याची किंमत घराच्या भाड्यात आणि दुकानातल्या मालाच्या भावात मिसळलेली असते आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही ती भरतो, असे त्यांचे म्हणणे. २०१७ मध्ये बफेलो शहराने आणि २०२१ मध्ये मिनियापोलिसने किमान पार्किंगची सक्ती काढून टाकली. कॅलिफोर्नियात २०२३ च्या सुरुवातीपासून मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्याच्या अर्ध्या मैलाच्या आत ही सक्ती बहुतांशी करता येत नाही. त्याआधी २०२० पासून तिथे आणखी एक बदल झाला होता. गॅरेजचे रूपांतर छोट्या घरात केले, तर गेलेली पार्किंगची जागा दुसरीकडे भरून द्या, असे स्थानिक संस्थांना सांगता येत नाही. ज्या खोलीत गाडी राहत होती, तिथे आता कोणाचे तरी आई-वडील राहू शकतात.

आपल्याकडे

हे सगळे वाचताना मनात आपलीच नियमावली येत होती. मुंबई प्रांताचा नगररचना कायदा १९१५ चा, म्हणजे न्यूयॉर्कच्या नियमावलीपेक्षा एक वर्षाने थोरला. त्याची रीत वेगळी होती. प्लॉट एकत्र करून, रस्ते आखून पुन्हा वाटप करण्याची. पण मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मला तोच ओळखीचा शब्द भेटला होता. स्पष्टपणे दाखवता येईल अशी अडचण, म्हणजे आमच्या रोजच्या भाषेतली ‘हार्डशिप’, होत असेल तर आयुक्त विशेष परवानगीने मापांत फेरफार करू शकतात. एफएसआय मात्र त्यातून वगळलेला. रहिवाशांच्या आणि शेजारच्या वस्तीच्या आरोग्याला व सुरक्षिततेला बाधा येऊ नये, अशीही अट.

शब्द तोच आणि शेजाऱ्यांचा उल्लेखही आहे. फक्त शेजाऱ्यांना विचारायची तरतूद नाही. अर्ज होतो, अधिमूल्य भरले जाते, फाईल फिरते, आदेश निघतो.

माझ्या टेबलावरून गेलेली अशी एक फाईल मला विसरता आलेली नाही. एका बंगल्याला बाजूच्या सामासिक अंतरात गाडीची शेड मंजूर झाली होती. कागद चोख होते, अभिप्रायावर सही माझी. काही महिन्यांनी शेजारच्या बाई आल्या. वयस्क, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर भिंत उभी राहिली होती. मी त्यांना आदेश दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “साहेब, यात त्यांची अडचण लिहिली आहे. माझी कुठे लिहिलीत?” मी त्यांना अपिलाची माहिती दिली. दुसरे काय करणार होतो?

सुनावणी

मुलीच्या गावातल्या सुनावणीला आम्ही दोघेही गेलो. सात जणांचे मंडळ, समोर खुर्च्या, पाच-सहा माणसे. अर्जदार आजोबांना शपथ देण्यात आली. त्यांनी सरळ बायकोबद्दल बोलायला सुरुवात केली. तिचे गुडघे, हातातला वॉकर, हिवाळ्यात अंगणात साचणारा बर्फ, गेल्या वर्षीचे पडणे. अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग हळू आवाजात सांगितले, “आम्हाला सहानुभूती आहे, पण आमच्या ठरावाला हा आधार चालणार नाही. आम्हाला तुमच्या प्लॉटबद्दल सांगा.” आजोबा गोंधळले. बरोबरच्या आर्किटेक्टने नकाशा लावला. प्लॉट ५० फूट रुंद, झोनिंगच्या आधीपासूनचा. आजूबाजूचे ७५ फुटांचे. एवढ्या अरुंद जागेत १० फूट सोडून गॅरेज बसत नाही. तेच गुडघे आता फुटांच्या भाषेत बोलू लागले.

मग लोकांना विचारले. मुलगी उठली. आदल्या रात्री तिने मला विचारले होते, “बाबा, मी विरोध करू का?” मी तिला इतकेच म्हटले होते, की तुझी अडचण काय ती नेमकी सांग. तिची अडचण पाण्याची होती. गॅरेजच्या उताराचे पाणी चार फुटांवरून तिच्या तळघरात येईल, ही भीती. तिने ते सांगितले. आर्किटेक्टने पन्हळ लावून पाणी समोरच्या बाजूला शोषखड्ड्यात सोडायचे मान्य केले. ती अट ठरावात घातली गेली आणि अर्ज मंजूर झाला.

तिथली व्यवस्था आदर्श आहे, असे मी म्हणणार नाही. आर्किटेक्टचे पैसे, अर्जाचे शुल्क आणि संध्याकाळी हजर राहण्याची सवड ज्याच्याकडे आहे, त्याचीच अडचण कायद्याच्या भाषेत उतरते. शेजाऱ्यांच्या याच अधिकाराने नवी, परवडणारी घरे अडवलीही जातात. पण एक गोष्ट आपण घेण्यासारखी आहे आणि तिला खर्च फार नाही. सवलत देण्याआधी बाजूच्या प्लॉटवाल्याला एक पत्र जावे, त्याचे म्हणणे फाईलला लागावे आणि त्यावर काय विचार केला ते आदेशात लिहावे. भिंत मग उभी राहिली तरी, खिडकीतल्या बाईंची अडचण कागदावर कुठेतरी असेल.

मी परत आल्यावर मुलीने ठरावाची प्रत पाठवली. प्लॉटची रुंदी, हद्दीपासूनचे अंतर, पन्हळ, शोषखड्डा, सगळे त्यात होते. आजींचे गुडघे नव्हते. सोबत एक फोटोही होता. बर्फ पडलेला, गॅरेजचे दार उघडे आणि आत वॉकर धरून उभ्या आजी.