मोटारहोममागची छोटी गाडी

मोटारहोममागे छोटी गाडी ओढत नेण्याची अमेरिकन पद्धत मुक्कामाच्या ठिकाणी येणाऱ्या एका अडचणीतून रुजली. मोटारीमागे जोडलेला कॅराव्हॅन तळावर सोडला की मोटार फिरायला मोकळी होते. मोटारहोममध्ये घर आणि गाडी एकच असते. मिशिगनच्या रे फ्रँक यांनी १९५८ साली डॉजच्या चेसिसवर कुटुंबासाठी असे वाहन बांधले आणि १९६६ पासून आयोवातील विनेबॅगो कंपनीने अशी वाहने मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. पण साधे दूध आणायचे तरी पाण्याची, विजेची आणि सांडपाण्याची जोडणी काढून अख्खे बिऱ्हाड हलवावे लागे. म्हणून लोक मागे छोटी गाडी बांधू लागले. गलबतामागच्या होडीवरून तिला ‘डिंगी’ म्हणतात. दुसरे नाव ‘टोड’, म्हणजे भेक. ‘ओढलेली’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चारही तोच.

सुरुवातीच्या काळात या कामाला फोक्सवॅगन बीटल चांगली जमली. वजन सुमारे ८०० किलो, आणि पुढचा आस म्हणजे एकावर एक अशा दोन आडव्या नळ्या. इंग्रजी ए अक्षरासारखा टो-बार खालच्या नळीला पकडींनी आवळला की टोचन तयार. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला तरी चाकांबरोबर फिरणारे दाते तळातले तेल उडवत, त्यामुळे गिअरबॉक्स कोरडा पडत नसे.

पुढे गाड्यांत होत गेलेले बदल मात्र टोचनाचा विचार करून झालेले नव्हते. १९७० पासून अमेरिकी नियमांनी चोरीला आळा घालण्यासाठी नव्या मोटारींत कुलूप सक्तीचे केले आणि किल्ली काढताच स्टिअरिंग जखडणे रूढ झाले. वळणावर पुढची चाके आपोआप वळायची तर किल्ली आत ठेवून स्टिअरिंग मोकळे ठेवणे भाग पडले. मग दिवसभराच्या प्रवासात बॅटरी उतरू नये म्हणून फ्यूज काढण्याची सवयही लागली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची अडचण याहून मोठी होती. त्यातला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, अशा अवस्थेत आतले भाग तेलाविना तापून निकामी होतात.

सॅटर्नच्या छोट्या गाड्या आणि होंडाची सीआर-व्ही याला अपवाद ठरल्या. त्यांच्या ऑटोमॅटिकची रचना मॅन्युअलसारखी, समांतर दांड्यांवरच्या दात्यांची होती. सीआर-व्ही मागे जोडण्यापूर्वी गिअर ‘डी’मध्ये टाकून मग न्यूट्रलमध्ये आणायचा, इंजिन तीन मिनिटे चालू ठेवायचे आणि मगच बंद करायचे, असा क्रम कंपनीच्या पुस्तिकेतच दिलेला असे.

जोडणीचे सामानही सुधारत गेले. ते बनवणाऱ्यांत नेब्रास्कातील पेंडर गावची ब्लू ऑक्स आणि आयोवातील बॉयडनची डेमको ही नावे ठळक आहेत. दोन्हींची मुळे शेती अवजारांच्या धंद्यात. बंपर मऊ झाल्यावर त्यामागे चेसिसला बोल्टने पक्की बसणारी लोखंडी चौकट आली. टो-बारच्या बाह्या लांब-आखूड होऊ लागल्या. गाडी अंदाजाने जवळ आणून पिना घालायच्या आणि मोटारहोम पुढे घेतले की बाह्या ताणून आपोआप अडकतात. त्याखाली फुलीसारख्या बांधलेल्या दोन साखळ्या असतात. टो-बार निसटला तर त्याचे टोक त्यांच्यावर अडकते, रस्त्यात रुतत नाही. मागच्या दिव्यांच्या तारांत डायोड घातले जातात, म्हणजे वीज उलटी वाहत नाही.

गाड्या जड झाल्यावर त्यांनाही ब्रेक लावण्याची गरज भासली. आसन आणि पेडल यांच्यामध्ये एक पेटी ठेवतात. मोटारहोमचा वेग कमी झाला की ती पेडल दाबते. जोड तुटल्यास एक बारीक केबल पिन ओढते आणि छोटी गाडी स्वतःच थांबते. एक मर्यादा मात्र कायम राहिली. जोडलेल्या अवस्थेत मागे घेता येत नाही, कारण छोट्या गाडीची पुढची चाके आडवी वळून अडकतात.

२०१५ च्या सीआर-व्हीत इंधन वाचवणारा सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि चारही चाकांवर ओढण्याची तिची सोय गेली. जीप रँग्लरची टिकून आहे, कारण तिचा ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकता येतो आणि चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. ज्या गाडीच्या पुस्तिकेत चारही चाकांवर ओढण्याची परवानगी नसते, तिची पुढची चाके डॉली नावाच्या दुचाकी गाड्यावर चढवतात किंवा ती पूर्णच ट्रेलरवर घालतात.