१ सप्टेंबर १९४० : पुण्याचे वाडे एका तारखेत कसे अडकले

१/
सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा. पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडताना लाकडी टेकूंवर तोललेले वाडे आजही दिसतात. त्यांच्या पडझडीचे कारण बहुधा वय सांगितले जाते, क्वचित पानशेतचा पूर. परंतु या पडझडीला एक तारीखही चिकटलेली आहे : १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी पुण्यात विशेष काही घडले नव्हते.

२/
वाडा मुळात एका कुटुंबासाठी बांधला जाई. दगडी जोते, सागवानी खांब, मधे चौक. १८१८ मध्ये पेशवाई संपली, सरदार-आश्रितांचे उत्पन्न आटले. पुढे शाळा, महाविद्यालये आणि सरकारी कचेऱ्यांमुळे कोकणातून व देशावरून माणसे शहरात येऊ लागली. मग वाड्याच्या खोल्या भाड्याने गेल्या. एका चौकाभोवती आठ-दहा बिऱ्हाडे, सामाईक नळ, सामाईक संडास. आणि मालकही बहुधा त्याच वाड्यात, माडीवरच्या दोन खोल्यांत. हा मालक म्हणजे धनाढ्य जमीनदार नव्हे. कित्येकदा तो पेन्शनर असे किंवा भाड्यावर महिना काढणारी विधवा.

३/
भाड्यावर सरकारी लगाम ही युद्धाची देणगी. ब्रिटनमध्ये ग्लासगोच्या भाडेकरूंच्या संपानंतर १९१५ साली भाडी गोठवली गेली. १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुणे हे लष्कराच्या सदर्न कमांडचे ठाणे, शेजारी खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने. माणसे वाढली, घरे वाढली नाहीत. पाठोपाठ फाळणीचे निर्वासित आले. अशा वेळी भाडेकरूला संरक्षण देणे न्याय्यच होते, यात शंका नको.

४/
त्यातून झाला १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा, अंमल १३ फेब्रुवारी १९४८ पासून. त्याचा गाभा म्हणजे ‘स्टँडर्ड रेंट’. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच साधारणतः कायमचे. वाढीव कराचा किंवा सुधारणेचा काही भार भाडेकरूवर टाकता येई, पण महागाईनुसार भाडे वाढण्याची सोय नव्हती. युद्धकाळातील तात्पुरता उपाय म्हणून आलेला हा नियम मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला.

५/
कागदावर दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. प्रत्यक्षात कौले फेरायची, वाळवी लागलेली तुळई बदलायची, चुन्याचा गिलावा करायचा, तर गवंडी-सुताराची मजुरी त्या त्या वर्षीच्या बाजारभावाने. आणि हातात येणारे भाडे १९४० चे. मालक डागडुजी टाळू लागला. गळक्या छताखालचा भाडेकरूही खर्च करीना, कारण भिंत त्याची नव्हती. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. गळती चालूच राहिली.

६/
भाडे नियमित भरणाऱ्याला काढता येत नसे. स्वतःला जागा हवी म्हणून मालक लघुवाद न्यायालयात गेला, तरी गरज खरी असल्याचे सिद्ध करणे पुरेसे नव्हते. जागा सोडल्याने अधिक हाल कोणाचे होतील, हेही न्यायालय तोलून पाही. दरम्यान भाडेकरू वारला, तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला तोच हक्क मिळे. मालक भाडे घेईना, भाडेकरू मनीऑर्डर पाठवी, मालक ती परत करी. असा अबोला पेठेतल्या अनेक घरांत एकाच जिन्यावर नांदला.

७/
१२ जुलै १९६१. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठांत अनेक वाडे कोसळले, उरलेल्यांच्या विटा-मातीच्या भिंतींत पाणी मुरले. मुंबईतील जुन्या चाळींसाठी १९६९ मध्ये कायदा झाला, उपकर लावून दुरुस्ती मंडळ उभे राहिले. ते फक्त मुंबई शहरापुरते. पुण्याच्या वाट्याला आली ती प्रामुख्याने धोकादायक इमारतीची महापालिकेची नोटीस.

८/
यातून वाट म्हणून मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चे करार सुरू केले : भाडे नव्हे, केवळ वापराची परवानगी. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांना थेट भाडेकरू ठरवले. धडा मालकांनी लगेच घेतला : जागा देण्यापेक्षा कुलूप बरे. जुन्या भाडेकरूला वाचवणाऱ्या कायद्याने नव्याने शहरात आलेल्याला दार बंद केले, आणि उघडले तिथे पागडी मागितली गेली. ती घेणे गुन्हा होता. तरीही चालत राहिली.

९/
डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माल्पे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी झाल्याचे म्हटले. कायद्याची मुदत लवकरच संपणार असल्याने त्या रद्द मात्र केल्या नाहीत. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, पागडीही कायदेशीर झाली. मात्र वाढ मोजायची ती जुन्याच पायावर. १० रुपये भाडे चक्रवाढीने वाढवले, तरी २५ वर्षांनी २७ रुपयेसुद्धा होत नाही.

१०/
वाडा पडला की प्रश्न सुटेल, ही काही मालकांची आशाही टिकली नाही. इमारत नष्ट झाली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. शिवाय तोवर मालकही एक उरलेला नसतो. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तीन पिढ्यांचे वारस, काही परदेशी, काही एकमेकांशी न बोलणारे. पुनर्विकासाला सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि भाडेकरूंची संमतीही.

११/
कोथरूड किंवा कर्वेनगरात एखादा निवृत्त गृहस्थ आपला दुसरा फ्लॅट आजही अकरा महिन्यांच्याच कराराने देतो. त्या सवयीमागे या जुन्या धास्तीचा मोठा वाटा आहे. नव्या कायद्याने मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट शुल्क वसूल करण्याची सोय ठेवली. पण करार लेखी व नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. वाद उद्भवला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरले जाते.