नुसतं 'अब्दुल' नको, पूर्ण नाव हवं

रजिस्टरात 'अब्दुल', गल्लीत 'रज्जाक' आणि खरं नाव अब्दुल रज्जाक! शाळेत आम्ही हे नेहमी पाहतो. अरबीत 'अब्द' म्हणजे बंदा, सेवक. 'उल' त्याला पुढच्या शब्दाशी जोडतो. नुसतं 'अब्दुल' म्हटलं की कोणाचा बंदा, हा प्रश्न उरतोच. उत्तर पुढच्या शब्दात असतं आणि तो शब्द अल्लाहच्या नावांपैकी एक असतो.

अब्दुल्लाह : अल्लाहचा बंदा
अब्दुर्रहमान : परम कृपाळूचा बंदा (इथे 'ल' पुढच्या 'र'मध्ये मिसळतो)
अब्दुल रज्जाक : रोजी देणाऱ्याचा बंदा
अब्दुल खालिक : निर्माण करणाऱ्याचा बंदा
अब्दुल हमीद : स्तुतीस पात्र असणाऱ्याचा बंदा

यातली पहिली दोन नावं अल्लाहला सर्वांत प्रिय आहेत, असं सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आलं आहे.

रहमान, रज्जाक, खालिक ही नावं अल्लाहसाठीच खास. म्हणून मुलाला नुसत्या या नावाने हाक मारू नये, असं उलमा सांगतात.

पालकांनो, जन्मदाखला, आधार आणि प्रवेशअर्ज या तिन्ही ठिकाणी दोन्ही शब्द मुलाच्या नावाच्या रकान्यातच, एकाच स्पेलिंगने लिहा. घरीही पूर्ण नावानेच हाक मारा. घरच्यांनीच नाव अर्धं केलं, तर बाहेरचे पूर्ण कशाला घेतील?