‘स्त्रीभ्रूणहत्या’ : एका सामासिक शब्दाचा इतिहास

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सातारा ओलांडून सांगली जिल्ह्यात म्हैसाळला पोहोचते. याच नदीकाठच्या दोन घटना स्त्रीआरोग्याच्या प्रचारभाषेची तपासणी करायला भाग पाडतात. ऑक्टोबर २०११मध्ये साताऱ्यात ‘नकुशी’ म्हणून वाढलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नामकरण हा घरचा विधी. तो आरोग्ययंत्रणेच्या पुढाकाराने व्यासपीठावर आला. मार्च २०१७मध्ये म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात पुरलेली १९ अर्भके सापडली. या प्रकरणाची ओळख मात्र ‘स्त्रीभ्रूणहत्या’ अशीच राहिली.

या समासात ‘स्त्री’ हे पद भ्रूणाचे विशेषण आहे. गर्भ वाहणाऱ्या, प्रसंगी त्यात मरणाऱ्या स्त्रीला त्यात जागाच नाही. ‘हत्या’ म्हटले की मारेकरी आला, आणि संशयाची सुई तिच्याकडेच वळते. वस्तुतः १९७१च्या कायद्याने गर्भपाताला सशर्त मान्यता दिली. १९९४च्या केंद्रीय कायद्याने (महाराष्ट्राचा १९८८चा) गर्भलिंगनिदानाला बंदी केली. गुन्हा लिंगनिवडीचा, शब्दाने तो गर्भपातावर ढकलला. स्त्रीआरोग्य चळवळीतील अनेकींनी ‘गर्भलिंगनिवड’ या संज्ञेचा आग्रह धरला तो यासाठी. तो केवळ शब्दच्छल नव्हे.

शासकीय परिभाषेतील ‘माता-बाल संगोपन’ किंवा ‘जननी सुरक्षा’ (२००५) यांतही स्त्री दिसते ती नात्यातूनच. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्यास १९७१चा कायदा ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ एवढ्यांचाच विचार करी. २०२१च्या दुरुस्तीने तेथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आले. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर, सुरक्षित गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या पण रूढ अर्थाने स्त्री नसलेल्या व्यक्तींनाही ‘स्त्री’ या संज्ञेत सामावून घेतले.

मराठीला हे अवघड जाऊ नये. ‘गर्भवती’ला लिंग चिकटलेले असले, तरी ‘गरोदर’ हे विशेषण अविकारी आहे. आणि गंमत अशी, की ‘व्यक्ती’ हा सर्वसमावेशक शब्द आपल्याकडे व्याकरणतः स्त्रीलिंगीच! दवाखान्यातील सूचनाफलकावर ‘गरोदर व्यक्ती’ सहज शोभेल. परंतु म्हैसाळची नोंद लिहिताना तेवढ्यावर भागणार नाही. तेथे गर्भाचे लिंग हेच कारण होते, आणि मेली ती स्त्री होती.