भिंतीवरच्या चित्राचे छायाचित्र : एका छंदाची आणि एका कलमाची कुळकथा

रस्त्यावरच्या भिंतींची छायाचित्रे घेण्याच्या प्रथेचे एक ठळक मूळ पॅरिसमध्ये सापडते. हंगेरियन वंशाचा छायाचित्रकार ब्रासाय याने १९३० च्या दशकाच्या आरंभी तेथील भिंतींवर अनाम हातांनी कोरलेले चेहरे आणि चिन्हे टिपण्यास सुरुवात केली, आणि १९३३ मध्ये ‘मिनोतॉर’ या नियतकालिकात ती छापताना गुहेच्या भिंतीपासून कारखान्याच्या भिंतीपर्यंतचा वारसा शीर्षकातच सांगितला.

या प्रथेला शिस्त आली ती न्यूयॉर्कमध्ये. तेथील तरुण भुयारी रेल्वेच्या डब्यांवर फवाऱ्याच्या रंगांनी रात्रीतून चित्रे काढीत आणि रेल्वे प्रशासन ती धुऊन काढी. त्यामुळे चित्र टिकवायचे तर ते पुसले जाण्याआधी टिपणे भाग होते. मूळचा शिल्पकार असलेला हेन्री चाल्फंट समोरच्या फलाटावरून सरकत सरकत एकाच डब्याची अनेक छायाचित्रे घेई आणि त्यांच्या प्रती जोडून अखंड डबा उभा करी, तर मार्था कूपर ही वृत्तछायाचित्रकार चित्राभोवतीची वस्ती आणि चित्रकारही टिपत असे. या दोघांचे ‘सबवे आर्ट’ हे पुस्तक १९८४ मध्ये निघाले आणि त्याच्या पानांवरून ही शैली इतर देशांतील चित्रकारांनी उचलली. १९८९ मध्ये न्यूयॉर्कचे सर्व डबे स्वच्छ झाल्याचे जाहीर झाले, तोवर ही चित्रे जगभर पोचली होती.

भारतात मात्र छायाचित्रकाराची गाठ एका जुन्या कलमाशी पडते. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याने सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे आणि कलात्मक कारागिरीच्या वस्तूचे छायाचित्र घेण्याची व छापण्याची मोकळीक दिली होती. तो कायदा हिंदुस्थानातही लागू झाला आणि ती तरतूद १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये उतरली. छायाचित्राच्या या सवलतीत रंगवलेल्या चित्राचा, म्हणजेच भित्तिचित्राचा, समावेश नाही. चलच्चित्रपटाला मात्र अशा ठिकाणची कोणतीही कलाकृती दाखवता येते, हा विरोधाभास खासच म्हणावा लागेल.

पिंपरी-चिंचवड शहरातील निगडीत हा भेद डोळ्यांनी पाहता येतो. भक्ती-शक्ती चौकातील छत्रपती शिवाजी महाराज आणि संत तुकाराम यांच्या भेटीच्या शिल्पाचे छायाचित्र पुस्तकात छापण्यास कायद्याची आडकाठी नाही. पण स्वच्छ सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या स्पर्धेच्या निमित्ताने शहरात ज्या भिंती रंगवल्या गेल्या, त्यांच्या छायाचित्राला ही सवलत लागू होत नाही. खासगी वापराला मुभा असली, तरी ते छायाचित्र विक्रीच्या दिनदर्शिकेत छापायचे झाल्यास चित्राच्या हक्कधारकाची, म्हणजे चित्रकाराची किंवा मोबदला देऊन ते काढून घेणाऱ्याची, परवानगी घेणे सुरक्षित ठरते. ऊन-पावसात आधी विटतो तो रंग, आणि मोकळीक मात्र टिकाऊ दगड-धातूला, ही वाटणी उलटी आहे. कलम ५२ मध्ये भित्तिचित्राचा स्पष्ट उल्लेख व्हायला हवा.