माशीने फूल ‘निवडलं’, हे कशावरून?

पहिल्या प्रगती अहवालात मी बिनधास्त लिहिलं होतं, ‘सातेरी माशी जांभळाचे पराग निवडते.’ समितीतल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, “निवडते कशावरून? तेव्हा आजूबाजूला दुसरं काय फुललं होतं?” माझ्याकडे नोंदच नव्हती. अर्धं वर्ष वाया गेलं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर या प्रश्नाचा इतिहास आधी वाचा.

एका फेरीत माशी एकाच प्रकारच्या फुलांवर जाते, हे ॲरिस्टॉटलने नोंदवलं होतं. १७५० मध्ये आर्थर डॉब्ज यांनी रॉयल सोसायटीपुढे तसंच निरीक्षण मांडलं. पण ही झाली एका माशीची एक फेरी. अख्खं मोहोळ काय गोळा करतं, हे कळायला परागकण ओळखता यायला हवेत.

ती वाट भलतीकडूनच आली. १९१६ मध्ये स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी दलदलीच्या थरांतले परागकण मोजून जुन्या जंगलांचा इतिहास मांडला. पुढे गुन्नार एर्टमन यांची ॲसिटोलिसिस पद्धत आली. तिच्यात कणाचा आतला भाग विरघळतो, कवच उरतं आणि त्यावरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. आपण आजही हेच करतो.

मग जातींची तुलना. १९५० च्या दशकात मार्टिन लिंडाउअर यांनी श्रीलंकेत फुलोरी, सातेरी आणि आग्या यांचे नाच पाहिले. फुलोरी पोळ्याच्या माथ्यावर, आडव्या जागेत नाचते. बाकी दोघी उभ्या पोळ्यावर. म्हणजे फुलांचा पत्ता सांगण्याची रीतही वेगळी. शिवाय आग्या सातेरीपेक्षा लांब जाते आणि हंगामानुसार मुक्काम हलवते. एकाच जंगलातल्या दोन मोहोळांत वेगळे पराग सापडले, तर ती आवड, आवाका की हंगाम? नुसते कण मोजून हे कळत नाही.

म्हणून आता मी दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वाटेवरून फिरते आणि जांभूळ, हिरडा, गेळा यांपैकी काय फुललंय ते लिहून ठेवते. जे फुललं होतं आणि तरी माशीने घेतलं नाही, तेच निवडीचा खरा पुरावा.

आणि कारवी? ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. माझ्या पीएचडीत ती कदाचित येणारही नाही. तेव्हा ‘ही माशी कारवीवर जात नाही’ असं मी लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका.