मोगलाईतला झेंडा

स्वातंत्र्य कधी मिळालं असं आजोबांना विचारलं, की ते 17 सप्टेंबर 1948 ही तारीख सांगत. आमच्या पुस्तकात 15 ऑगस्ट 1947 असायचं. लहानपणी मला वाटे, म्हातारपणामुळे त्यांचा घोळ होतोय. पण घोळ कसला? आमचं गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं. जुनी माणसं त्या मुलखाला मोगलाईच म्हणत. दिल्लीत तिरंगा चढला त्या दिवशी मोगलाईत तो जवळ बाळगणाऱ्याला तुरुंग होता. हैदराबादेत स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्याच दिवशी तिरंगा फडकवला आणि त्याच दिवशी त्यांना अटक झाली.

आजोबा तेव्हा विशी-बाविशीतले होते. आदल्या रात्री ते आणि गावातले आणखी काही जण बांधाबांधानं चालत बार्शीला गेले. बार्शी मुंबई प्रांतातली. तिथली पेठ आमच्या गावाला रोजच्या व्यवहाराची. फक्त सरहद्द ओलांडली की निजामाच्या हाली रुपयाचा इंग्रजी कलदार व्हायचा आणि करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडी उघडून दाखवावी लागायची. त्या दिवशी तिथं वेगळंच काही होतं. ‘कचेरीवर झेंडा, शाळेवर झेंडा, आडतीच्या दुकानावर झेंडा. अन् पोलीस त्यालाच सलाम करतोय!’ आजोबांना सगळ्यात जास्त आठवे तो हा पोलीस. आपल्या गावी झेंडा पाहिला की दंडा उगारणारा पोलीस इथं त्याच झेंड्यापुढे ताठ उभा आहे, याचं नवल त्यांना जन्मभर वाटत राहिलं. त्यांच्यासाठी झेंडा म्हणजे सरहद्द होती. तो दिसतो तिथपर्यंत आपलं राज्य, तो लपवावा लागतो तिथून परकं.

पुढचं वर्ष त्यांनी बार्शीच्या बाजूच्या कॅम्पात काढलं. स्टेट काँग्रेसचे असे कॅम्प संस्थानाच्या चारी बाजूंच्या सरहद्दीवर होते. शिंदीची झाडं तोडायची, नाके जाळायचे, निरोप पोचवायचे, ही कामं. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, पण गावांत काहीच जैसे थे नव्हतं. कासिम रझवी हा लातूरचा वकील रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, पुढारी झाला होता. वसुली, मारहाण, जाळपोळ रोजची झाली आणि कितीतरी कुटुंबं गाडग्या-मडक्यांसह बार्शी-सोलापूरकडे निघून गेली.

आजी मात्र गावातच राहिली. आजोबांच्या गोष्टीत झेंडा वाऱ्यावर असतो. आजीच्या गोष्टीत तो कणगीत असतो. बार्शीहून परतल्यावर आजोबांनी ‘आपलाही एक पाहिजे’ असं म्हटलं आणि आजीनं तो शिवला. भगवा पट्टा एका जुन्या उपरण्याचा, पांढरा धोतराचा, हिरवा तिच्या स्वतःच्या लुगड्याचा. नव्या झेंड्यावर चाक आलंय हे आजोबा सांगत होते, पण आजीनं आधी पाहिलेल्या झेंड्यावर चरखा होता, म्हणून तिनं निळीनं चरखाच काढला. मग तो घडी करून ज्वारीच्या कणगीत तळाशी. रझाकार झडतीला आले तेव्हा तिनं त्यांच्यादेखत त्याच कणगीतून पायलीभर ज्वारी काढून त्यांना दिली. ‘हात कोपरापर्यंत आत. बोटाला कापड लागतंय. अन् तोंडावर काही दिसू द्यायचं नाही.’ हे सांगताना आजी शौर्य गाजवल्याचा आव आणत नसे. तिचा सूर त्राग्याचा असे. पुरुष कॅम्पात गेले, गुन्हा मात्र घरात ठेवून गेले, असंच तिला वाटे. मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत कॅम्पांची वर्णनं पानोपानी सापडतात. कणगीत हात घातलेल्या बायका त्या मानानं फार थोड्या आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

झेंडा म्हणजे काय, याचं गावकुसाबाहेरच्या तात्यांचं उत्तर या दोघांहून निराळं होतं. त्यांचे वडील 1941 साली कसबे तडवळ्याच्या परिषदेत बाबासाहेबांना पाहून आले होते. तात्यांना झेंड्यातलं चाक महत्त्वाचं. ‘चरखा त्यांचा, चाक आमचं,’ असं ते थेट म्हणत. चाक एकट्या बाबासाहेबांनी बसवलं असं नाही. पण झेंडा ठरवणाऱ्या, राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत ते होते, आणि चाक अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरून आलं. तात्यांना तेवढं पुरे होतं. निजाम गेला तरी पाणवठा तोच आणि वेठही तीच राहिली, हे ते विसरत नसत. तरी शाळेच्या झेंडावंदनाला रांग उंचीप्रमाणे लागे, जातीप्रमाणे नाही, आणि ते वर्गात सगळ्यांत उंच होते, हे सांगताना त्यांची मान आपोआप ताठ होई.

आणि चाची. आमच्या शेजारच्या गल्लीतली, 1948 साली आठ-नऊ वर्षांची. तिचे वडील विणकर. रझाकारांत ते कधी गेले नाहीत. उलट वर्गणी दिली नाही म्हणून त्यांच्याच माणसांचा मार खाल्ला होता.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं. 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. गावात पेढे वाटले गेले, वेशीवर झेंडा चढला, आजोबा खांद्यावरून मिरवले गेले. आजोबांची गोष्ट इथं संपायची. चाचीची इथं सुरू होते.

रझाकारांनी वर्षभर जे केलं होतं त्याचा सूड सुरू झाला, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यावर तो अधिक सोपा होता, कारण ते पळाले नव्हते. ‘जिथं तिथं झेंडे लागले होते. अम्मीला वाटलं, आपणही लावला तर सोडतील.’ पण घरात झेंडा कुठला? तिची आई आजीकडे आली आणि आजीनं कणगी उपसून तो चरख्याचा झेंडा काढून दिला. तो त्यांच्या दाराच्या चौकटीला बांधला. घराला कुणी हात लावला नाही. वडील मात्र दोन दिवस आधीच शेतात लपायला गेले होते, ते परत आले नाहीत. त्यांना कुणी मारलं हे गावाला माहीत होतं.

हे एकट्या आमच्या गावात घडलेलं नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांनी 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात गावोगाव हिंडून अहवाल दिला. अगदी हात राखून धरलेला त्यांचा अंदाज 27,000 ते 40,000 मृत्यूंचा होता, आणि सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. रझाकारांचे अत्याचारही त्यांनी नोंदवले होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी जाळलेल्या गावांची नावं मला बालपणापासून पाठ आहेत, आणि ती पाठ असायलाच हवीत. चाचीच्या वडिलांविषयी मात्र मला कळलं ते चाळिशी ओलांडल्यावर, आजीच्या तोंडून. हे मला आजही पटत नाही.

चाची 15 ऑगस्टला शाळेच्या मैदानात असायची. डोक्यावर पदर, कडेवर नातू, राष्ट्रगीत संपेपर्यंत हलायची नाही. झेंड्यानं आपलं घर राखलं असं ती मानायची. 17 सप्टेंबरला मात्र ती दार ओढून घरात बसे. चौकात आजोबांचा सत्कार चालू असताना आजी चाचीच्या ओसरीवर तिच्याबरोबर तांदूळ निवडत असायची. आजोबांना ते ठाऊक होतं. ते त्यावर कधी बोलले नाहीत, आजीला कधी अडवलंही नाही.

त्यांच्या शेवटच्या 17 सप्टेंबरला गावानं त्यांना झेंडा चढवायला बोलावलं. भाषण नेहमीचं सुरू झालं: बार्शी, कॅम्प, नाका. मग त्यांनी कॅम्पातल्या मेलेल्या सोबत्यांची नावं घेतली, आणि त्याच ओळीत चाचीच्या वडिलांचं. पुढच्या रांगेतले एकदोघे चुळबुळले, एक जण उठून गेला. आजोबांनी नाव पुन्हा एकदा घेतलं आणि खाली बसले.

चाची मैदानात नव्हती. तिला हे नातवानं पळत जाऊन सांगितलं. तिनं विचारलं, ‘पूरं नाव घेतलं का? बापाच्या नावासकट?’

घेतलं होतं.